इकोलेबलसाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि मंजुरीनंतरच्या जबाबदाऱ्या

शाश्वत उत्पादन आणि उपभोग वाढवण्यासाठी सरकारे कर लावतात, बंदी घालतात, अनुदान देतात. इकोलेबल हा त्यातला ऐच्छिक मार्ग. उत्पादकाने स्वतःहून पुढे यायचे, आपले उत्पादन तपासून घ्यायचे आणि निकषांत बसले तर चिन्ह लावायचे. जर्मनीने 1978 मध्ये 'ब्लाऊअर एंगेल' हे इकोलेबल सुरू केले. पुढे 1989 मध्ये नॉर्डिक देशांचे हंसाचे चिन्ह, 1991 मध्ये भारताचे घड्याचे चिन्ह असलेले इकोमार्क आणि 1992 मध्ये युरोपीय संघाचे फुलाचे चिन्ह आले. प्रत्येकाची नियमावली वेगळी आहे, पण आयएसओ 14024 या मानकातली तत्त्वे अशा सर्व योजनांना लागू पडतात: निकष आधीच जाहीर असतात, उत्पादनाच्या संपूर्ण जीवनचक्राचा विचार होतो आणि पडताळणी त्रयस्थ संस्था करते. उत्पादकाने स्वतःच पाकिटावर छापलेला 'पर्यावरणपूरक' हा शब्द या प्रकारात मोडत नाही.

पात्रता

लेबल कंपनीला नाही, उत्पादनाला मिळते. एकाच कारखान्यातल्या दोन डिटर्जंटांपैकी एकाला मिळेल, दुसऱ्याला नाही. म्हणून आधी पाहायचे ते एवढेच की आपले उत्पादन जाहीर केलेल्या एखाद्या उत्पादनगटात येते का. गटच नसेल, तर माल कितीही स्वच्छ असला तरी अर्ज करता येत नाही. काही वस्तू मुळातच बाहेर ठेवलेल्या असतात. युरोपीय योजनेत, उदाहरणार्थ, औषधे आणि वैद्यकीय उपकरणे बसत नाहीत.

गट सापडला की त्याचा निकषांचा दस्तऐवज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. फक्त सारांश वाचून अर्ज भरू नका. निकष मुद्दामच कडक असतात. युरोपीय नियमानुसार ते ठरवताना बाजारातल्या पर्यावरणदृष्ट्या सर्वोत्तम 10 ते 20 टक्के उत्पादनांचा अंदाज धरला जातो. अतिचिंताजनक म्हणून नोंदलेले रसायन वजनाच्या 0.1 टक्क्यापेक्षा जास्त असेल, तर तिथे सूटही मिळत नाही. आणखी एक अट अनेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे उत्पादनाने आपले काम नीट केले पाहिजे. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. डाग न काढणारा साबण लोक दुप्पट वापरतात, मग पर्यावरणाचा फायदा कुठे राहिला?

कागदपत्रे

अर्जाचा नमुना भरणे हे त्यातले सोपे काम. खरा वेळ जातो तो पुरवठादारांकडून कागद मिळवण्यात, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. घटकांची संपूर्ण यादी लागते: प्रत्येक पदार्थाचे नाव, प्रमाण, त्याचे काम आणि तो कोणाकडून येतो हे सगळे त्यात हवे. रंग, सुगंध, परिरक्षक हे थेंबभरच असले तरी यादीत आलेच पाहिजेत. प्रत्येक कच्च्या मालाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारे पत्रक, आणि अमुक पदार्थ वापरलेला नाही असे पुरवठादाराने सही करून दिलेले घोषणापत्र जोडावे लागते. लाकूड किंवा कागद असेल तर त्याचा उगम दाखवणारे प्रमाणपत्र, आवेष्टनाचे वजन आणि साहित्य, लेबलचा मसुदा हेही ओघाने आलेच.

सूत्र गुप्त असल्याचे सांगून पुरवठादार बहुधा इथेच अडतात. त्यांना सांगा की युरोपीय आणि नॉर्डिक योजनांत ते ही माहिती थेट प्रमाणन संस्थेकडे पाठवू शकतात, तुम्हाला ती दाखवण्याची गरज नाही.

चाचणी अहवालांबाबत एक कळकळीची सूचना. नमुना पाठवण्याआधी निकषात सांगितलेल्या चाचणीपद्धतीचा क्रमांक प्रयोगशाळेला लेखी कळवा आणि त्याच पद्धतीसाठी तिच्याकडे आयएसओ/आयईसी 17025 या प्रयोगशाळांसाठीच्या मानकाची मान्यता आहे का, हे विचारा. अहवाल उत्तम, पण पद्धत दुसरी, असे झाले तर खर्च पुन्हा करावा लागतो, आणि छोट्या उद्योजकाला तो जड जातो.

अर्ज आणि छाननी

अर्ज त्या योजनेच्या नियुक्त संस्थेकडे, शुल्कासह जातो. युरोपीय योजनेत उत्पादन ज्या सदस्य देशात तयार होते तिथल्या संस्थेकडे अर्ज करायचा. संघाबाहेर तयार होत असेल, तर ज्या सदस्य देशांत ते विकायचे आहे त्यांपैकी कोणत्याही एका देशातल्या. कागदपत्रे पूर्ण आहेत का, हे संस्था अर्ज मिळाल्यापासून दोन महिन्यांत कळवते. त्रुटी कळवल्यानंतर सहा महिन्यांत त्या दूर केल्या नाहीत, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. पुढे गरजेनुसार कारखान्याची प्रत्यक्ष पाहणी होते. सगळे जुळले की करार होतो आणि नोंदणी क्रमांक मिळतो. त्याआधी चिन्ह छापू नये, जाहिरातीतही वापरू नये.

मंजुरीनंतर

घटक, पुरवठादार किंवा प्रक्रिया बदलायची असेल, तर आधी संस्थेला विचारा. स्वस्त मिळाला म्हणून बदललेल्या एका सुगंधी द्रव्यामुळेही परवाना धोक्यात येऊ शकतो. तक्रारींची नोंद, चाचण्यांचे अहवाल आणि खरेदीची बिले जपून ठेवा, कारण तपासणी कधीही होऊ शकते. निकष ठरावीक काळाने सुधारले जातात आणि जुना परवाना आपोआप नव्या निकषांवर चालत नाही. संक्रमणासाठी दिलेल्या मुदतीत नव्या पुराव्यांसह पुन्हा अर्ज करावा लागतो. त्यामुळे सुधारणेचा मसुदा सूचनांसाठी खुला होताच तो वाचा आणि तुमच्या पुरवठादारांनाही पाठवा.