पाकिटावरचं बारीक अक्षर

औषधाच्या दुकानात ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या साखर-मिठाच्या पुडीची, दोन प्रकारची पाकिटं मिळतात. एक 1 लिटर पाण्यासाठी, दुसरं 200 मिलीलिटरसाठी. मोठं पाकीट चुकून पेलाभर पाण्यात कालवलं, तर ते पाणी पाचपट खारट होतं. जुलाबाने सुकलेल्या बाळाच्या रक्तात त्यामुळे मीठ चढतं आणि उपाय अंगावर उलटतो. किती पाण्यात घालायचं ते छापलेलं असतं, पण मुंगीएवढ्या अक्षरात, आणि बरेचदा इंग्रजीत. ज्या आईला ते वाचता येत नाही, तिला दुकानदार सांगेल ते खरं. दुकानदारासमोर आणखी सहा गिऱ्हाइकं उभी असतात.

आई शिकली की मूल जगतं, याचं कारण एवढंच असेल असं वाटतं. जॉन कॉल्डवेल या ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञाला नायजेरियात काही वेगळं दिसलं. इबादान शहरातले आकडे तपासून त्याने 1979 साली लिहिलं, की वडिलांचं शिक्षण आणि कामधंदा जमेस धरला तरी आईच्या शाळेचा परिणाम वेगळा उरतोच. त्याच्या मते खरा बदल होतो तो घरात. शिकलेली सून दुखण्याला नशीब म्हणून गप्प बसत नाही, मुलाला दवाखान्यात न्यायचं की नाही यात तिचा शब्द चालू लागतो, आणि दवाखान्यातही तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. म्हणजे शाळेने अक्षरांइतकाच आवाजही दिला. मला तरी हे पटतं. आपल्या घरांतल्या सासवा-सुना आठवल्या की जास्तच.

पुढे 175 देशांचा हिशेब झाला. 1970 च्या तुलनेत 2009 साली पाच वर्षांखालची 82 लाख मुलं कमी दगावली. त्यातल्या 42 लाखांचं, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त, श्रेय संशोधकांनी बायकांच्या वाढलेल्या शिक्षणाला दिलं.

मग शाळा वाढल्या की शिकलेल्या आणि न शिकलेल्यांच्या आरोग्यातली दरी आपोआप बुजेल? इथे गोष्ट अडते. सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचं नातं ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी 1950 साली दाखवलं. अमेरिकेत सरकारी अहवाल 1964 साली आला. त्याआधी शिकलेले लोकही मनसोक्त धूर काढत होते. धोका कळला तसे ते आधी आणि भराभर सुटले, बाकीचे मागे राहिले. सगळ्यांसाठीच छापलेल्या माहितीने दोघांतलं अंतर वाढवलं. आपल्याकडे मिश्रीचा डबा आधी कुणाच्या घरातून गेला, ते आठवून पाहा.

दुसरी मेख आकड्यांतच असते. गावातल्या शंभर बायकांपैकी साठ निरक्षर असतात, तेव्हा त्यात सुखवस्तू घरातल्याही असतात. तीच संख्या पाचावर येते, तेव्हा उरतात त्या सर्वांत गरीब, सर्वांत लांबच्या वाडीवरच्या. त्यांची तुलना बाकी पंचाण्णवांशी केली तर दरी रुंदावलेली दिसणारच, जरी कुणाचीही तब्येत बिघडलेली नसली तरी.

शिवाय नुसती वर्षं वाढवून भागत नाही. ब्रिटनने 1947 साली शाळा सोडण्याचं वय 14 वरून 15 केलं. एक वर्ष जास्त शिकलेली ही पिढी म्हातारी झाल्यावर तिच्या मृत्युदराचा अभ्यास झाला; फरक जवळजवळ सापडलाच नाही.

आता पुन्हा त्या खारट पाण्याकडे. 1971 च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती. सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी तोंडावाटे द्यायचं ठरवलं. ते आजाऱ्यांना पाजायचं काम नातेवाइकांनी केलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आलं. पाजणाऱ्यांपैकी कुणाला वाचता येतं, हे तिथे विचारायची गरज पडली नाही. पाणी आधीच मोजून, कालवून ठेवलेलं होतं.