परतीच्या तारखेचा शिक्का

संध्याकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये हल्ली मोबाइलवर मालिका बघणारे बरेच दिसतात. तुर्भे येईपर्यंत एक भाग 'संपवायचा' असतो. हे क्रियापद पूर्वी ताटातल्या भाजीला लागायचं, करमणुकीला नाही.

तरी करमणूक पूर्वी कमी होती म्हणून बरं होतं, हे काही खरं नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. एका जन्मात वाचून होणार नाहीत इतकी पुस्तकं वाचनालयांत तेव्हापासून आहेतच. पण वाचनालयाची रीत अशी, की एका वेळी एक पुस्तक, फार तर जोडीला एक मासिक. आतल्या कागदावर परतीच्या तारखेचा शिक्का, उशीर झाला की दंड. कपाटं भरलेली असली तरी घरी येणारा ढीग आटोपशीर राही.

या रीतीला पहिला सुरुंग आपल्याच दिवाळी अंकांनी लावला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि पुढे या अंकांची संख्या शेकड्यांत गेली. होळी आली तरी निम्मे अंक न उघडलेले, ही मराठी घरांतली जुनीच गोष्ट. त्याची लाज मात्र कुणाला वाटत नसे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथे वेळापत्रकाचं राज्य. रविवारचा सिनेमा चुकला की चुकला. व्हिडिओ कॅसेटचं भाडं दिवसावर, म्हणून रात्र जागून तीन सिनेमे उरकले जात. पुढे १९९२ मध्ये झी टीव्ही आणि १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं, तशी घरोघर रिमोटवरून भांडणं सुरू झाली. तरीही आठची मालिका आठलाच लागे. २०१९ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नव्या नियमांमुळे कोणत्या वाहिन्या हव्यात त्या ग्राहकाने स्वतः निवडायच्या झाल्या, तेव्हा लोक केबलवाल्यालाच म्हणाले, ''तूच काय ते लाव.'' निवडीचा कंटाळा काय असतो, ते तिथे उघड दिसलं.

तोवर खरा बदल होऊन गेला होता. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आलं आणि त्याच सप्टेंबरात जिओने डेटा जवळजवळ फुकट करून टाकला. आता वेळापत्रक नाही, भाडं दिवसावर नाही, परतीची तारीख नाही. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, आणि 'नंतर बघू'ची यादी कितीही वाढली तरी कोणी दंड मागत नाही. लगाम बाहेरच्यांच्या हातात होता तो गेला, पण तो आपण हातात घ्यायचा हे कुणी सांगितलं नाही.

मी सध्या वाचनालयाचीच नक्कल करतो. यादीतल्या प्रत्येक नावापुढे तारीख टाकतो आणि महिनाभरात हात लागला नाही तर नाव खोडतो. परवा सतरा नावं गेली. त्यातली बरीचशी कोणी सुचवली होती, तेही आठवेना.