एलन की अनब्रेको? दुकानात नेमकं काय मागायचं

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीकडच्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की हे हमखास ऐकू येतं. एक जण म्हणतो, "अण्णा, दहा नंबर अनब्रेको द्या, चाळीस लांबी." मागून दुसरा येतो, "दहा नंबर एलन बोल्ट, चाळीसचा." दोघांनाही माल मिळतो एकाच डब्यातून. तक्रार कुणाचीच नसते, कारण एलन की, म्हणजे ती वाकडी सहा कोनी चावी, दोन्हीत बसते.

पण एलन म्हणजे नुसता आकार: मुंडीत सहा कोनी खाच असलेला कुठलाही बोल्ट. तो स्टेनलेसचा असेल, मऊ लोखंडाचा असेल, कुणीही बनवलेला असेल. अनब्रेको हा एका कंपनीचा शिक्का आहे. प्रत्येक अनब्रेको कॅप स्क्रू, म्हणजे मुंडीवाला स्क्रू, एलन बोल्ट असतो, उलटं मात्र खरं नाही.

गंमत अशी की एलन हेही मुळात कंपनीचंच नाव. अमेरिकेत हार्टफर्ड गावी विल्यम एलन याने १९१० मध्ये षटकोनी खाच असलेले स्क्रू बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे ते नाव इतकं रुळलं की कंपनी विस्मरणात गेली आणि की तेवढी राहिली.

ही खाच आली का, ते सोलापूरकराला चटकन कळेल. १८७७ च्या सुमारास सुरू झालेल्या आपल्या जुन्या गिरणीसारख्या त्या काळच्या कापड गिरण्या एका लांब शाफ्टवर चालत. शाफ्टवर पुल्या, पुलीवरून खाली मशिनला पट्टा. पुली शाफ्टवर घट्ट राहावी म्हणून सेट स्क्रू मारलेला असे आणि त्याची चौकोनी मुंडी बाहेर डोकावत असे. फिरत्या मुंडीत बाही किंवा धोतराचा सोगा अडकला की माणूसच ओढला जायचा. मग मुंडीच नको, स्क्रू पूर्ण आत जाऊ दे आणि फिरवायची खाच त्याच्या पोटात असू दे, असा विचार पुढे आला. आज आपण ज्याला ग्रब स्क्रू म्हणतो तो हाच.

अनब्रेकोची गोष्टही याच शाफ्टपाशी सुरू होते. १९०३ मध्ये फिलाडेल्फियात हॅलोवेल यांनी स्टँडर्ड प्रेस्ड स्टील कंपनी काढली. सुरुवातीचा माल होता शाफ्ट टांगायचे पत्र्याचे हँगर. असे बिनमुंडीचे स्क्रू तेव्हा इंग्लंडहून येत आणि महाग पडत, म्हणून १९११ च्या आसपास कंपनी ते स्वतःच बनवायला लागली. इंग्रजी स्क्रूची खाच चौकोनी होती. हॅलोवेलनी आधी तीच करून पाहिली, ती अमेरिकेत चालेना, म्हणून षटकोनी घेतली. त्यातूनच अनब्रेको हा माल उभा राहिला.

पुढचा प्रवास मजेशीर आहे. २००३ मध्ये ही कंपनी प्रिसिजन कास्टपार्ट्सने घेतली. काही वर्षांनी, २००८ च्या सुमारास, अनब्रेकोचा धंदा तिथून लुधियानाच्या दीपक फास्टनर्सकडे आला. प्रिसिजन कास्टपार्ट्स स्वतः २०१६ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेत गेली. म्हणजे ज्याला आपला जॉबर (माग दुरुस्त करणारा) अजून 'विलायती माल' म्हणतो, त्याचा मालक पंजाबात आहे.

आता कामाचं. मुंडीवर १२.९ ही ग्रेड कोरलेली आहे का ते बघा. पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे ताणशक्ती, साधारण १२०० मेगापास्कल. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा ताणला जाणार नाही. ८.८ चा बोल्ट ८०० वर थांबतो. चकचकीत स्टेनलेस एलनवर बहुधा ए२-७० असतं, म्हणजे ७००. दिसायला तो सगळ्यात भारी, गिअरच्या कपलिंगला मात्र सगळ्यात कच्चा. पाच मिलिमीटर आणि त्यावरच्या कॅप स्क्रूवर ग्रेडसोबत बनवणाऱ्याची खूणही असायला हवी. दोन्ही नसतील तर तो बोल्ट गार्डच्या पत्र्याला लावा. तिथे अनब्रेको मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

भारी बोल्ट मारला की काम झालं असंही नाही. लूमची, म्हणजे मागाची, साइड फ्रेम बीडाची (ओतीव लोखंडाची) असते. बीडात १२.९ पूर्ण ताकदीने आवळला तर बोल्ट शाबूत राहतो आणि फ्रेमचे आटे उखडून हातात येतात. अशा जागी आटे बोल्टच्या व्यासाच्या दीडपट तरी आत गेले पाहिजेत, दहा नंबरला, म्हणजे दहा मिलिमीटर व्यासाला, पंधरा मिलिमीटर. ग्रेडपेक्षा लांबी जास्त कामी येते. आटे गेलेल्या भोकात तोच बोल्ट टेफ्लॉन गुंडाळून ठोकणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

काळा रंग बघून नाक मुरडणारेही भेटतात. १२.९ बहुधा काळाच असतो आणि तो तसाच बरा. गंज नको म्हणून त्यावर कुणी झिंक प्लेटिंग करून घेतलं, तर प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन पोलादात शिरतो. मग बोल्ट आवळताना काहीच होत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, मुंडी आपोआप तुटून खाली पडू शकते. इतकं कडक पोलादच याला बळी पडतं, ८.८ ला हा धोका फारसा नाही.

आणि की. जुन्या इंची मशिनवर पाव इंची खाच असते, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. त्यात सहाची की बसते, थोडी हलते, आणि जोर दिला की खाच गोल. मग ड्रिल मारून बोल्ट काढण्यात अर्धा दिवस जातो, तेवढा वेळ लूम बंद. पाव इंची की वेगळी मिळते, ती टूलबॉक्समध्ये मेट्रिकच्या सेटपासून वेगळ्या पिशवीत ठेवा.