राजकीय समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी विकिपीडिया लेखन: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

सत्रनिबंधाऐवजी विद्यार्थ्यांनी विकिपीडियावरील लेख लिहावा किंवा सुधारावा, ही पद्धत अनेक विद्यापीठांत रुळली आहे. समाजशास्त्रात तिला बळ मिळाले ते २०११ साली, जेव्हा अमेरिकन सोशिऑलॉजिकल असोसिएशन या समाजशास्त्रज्ञांच्या संघटनेने समाजशास्त्रज्ञ एरिक ऑलिन राइट यांच्या पुढाकाराने समाजशास्त्रज्ञांना आपल्या विषयाचे लेख सुधारण्याचे आवाहन केले. पुढील माहिती इंग्रजी विकिपीडियाच्या नियमांनुसार आहे. इतर भाषांतील विकिपीडियांचे काही नियम वेगळे असतात.

लेखनासाठी पदवीची किंवा ओळखपत्राची अट नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतःचे सदस्य खाते मात्र हवे. गटाने मिळून एक खाते वापरता येत नाही आणि संस्थेच्या नावाने सदस्यनाव घेता येत नाही. खरे नाव देण्याची सक्ती नाही. राजकीय विषयांवर केलेले प्रत्येक संपादन पानाच्या इतिहासात सर्वांना दिसत राहते, म्हणून टोपणनाव घेणेच अधिक सुरक्षित, असे माझे मत आहे. जो विद्यार्थी एखाद्या पक्षाचे किंवा संघटनेचे काम करतो, त्याने तिच्यावरील लेख थेट संपादित करू नये. आपला संबंध उघड करून त्या लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर सूचना मांडावी.

अभ्यासक्रमाची नोंदणी शिक्षकाने करायची असते. अमेरिका आणि कॅनडातील विद्यापीठांसाठी विकी एज्युकेशन ही संस्था अभ्यासक्रम तपासून मंजुरी देते, तर इतर देशांतील शिक्षक प्रोग्राम्स अँड इव्हेंट्स डॅशबोर्ड या विकिपीडिया उपक्रमांच्या नोंदणीसाठीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्याने प्रवेश करून अभ्यासक्रमाचे पान तयार करू शकतात. अभ्यासक्रमाचे शीर्षक, संस्था, कालावधी, अपेक्षित विद्यार्थिसंख्या आणि आठवडेवार वेळापत्रक हाताशी असावे. पान तयार झाल्यावर मिळणारा दुवा विद्यार्थ्यांना दिला की ते आपापल्या खात्याने सहभागी होतात. एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून, दिवसाला सहाच खाती उघडता येतात, त्यामुळे पूर्ण वर्गाने संगणक कक्षात बसून एकदम खाती उघडण्याचा बेत फसतो. विद्यार्थ्यांना आदल्या आठवड्यात घरूनच खाती उघडायला सांगावे.

विद्यार्थ्याचे खरे कागदपत्र म्हणजे संदर्भांची यादी. मसुद्याची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी ती शिक्षकाला दाखवावी, कारण विषयावर स्वतंत्र, विश्वसनीय आणि सविस्तर लेखन उपलब्ध नसेल तर लेख कितीही चांगला लिहिला तरी टिकत नाही. विकिपीडिया लायब्ररीतून सशुल्क नियतकालिके वाचता येतात, परंतु त्यासाठी किमान सहा महिने जुने खाते आणि ५०० संपादने लागतात. नवख्या विद्यार्थ्याने म्हणून विद्यापीठाच्या ग्रंथालयावरच भिस्त ठेवावी.

राजकीय समाजशास्त्राची खरी शिकवणी याच टप्प्यावर होते. रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये मांडलेला अल्पसत्तेचा लोखंडी नियम घ्या: कोणत्याही मोठ्या संघटनेत सत्ता शेवटी मोजक्या नेत्यांच्या हाती जाते, असे तो सांगतो. ‘हा नियम आजच्या सर्व पक्षांना लागू पडतो’ असे वाक्य निबंधात खपून जाते. विकिपीडियावर त्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लागते. मग विद्यार्थ्याला मिशेल्स यांनी जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाबद्दल काय म्हटले, नंतरच्या कोणत्या अभ्यासकांनी ते स्वीकारले आणि कोणी खोडून काढले, हे नावानिशी वेगवेगळे लिहावे लागते. स्वतःचा निष्कर्ष विकिपीडियाच्या भाषेत ‘मूळ संशोधन’ ठरतो; ते नियमाने वर्ज्य असल्याने तो वगळावाच लागतो. निःपक्षपाती दृष्टिकोन आणि पडताळणीयोग्यता (प्रत्येक विधान विश्वसनीय स्रोतात तपासता येणे) हे बाकीचे दोन मूलभूत नियमही याच वाक्यावर शिकता येतात, आणि कोणते मत कोणाच्या नावे, किती वजनाने नोंदवायचे यावर चर्चा पानावर झडणारा वाद हा अधिमान्यतेचाच, म्हणजे कोणाचा अधिकार रास्त मानायचा याचाच, वाद असतो.

मसुदा आधी धूळपाटीवर, म्हणजे सदस्याच्या सरावाच्या पानावर, लिहावा. खाते चार दिवस जुने झाल्यावर आणि दहा संपादने पूर्ण झाल्यावर नवा लेख थेट प्रकाशित करता येतो. तरीही पहिल्या लेखासाठी मसुदा पुनरावलोकनाला सादर करण्याचा मार्ग मी सुचवेन, कारण तेथे त्रुटी लेखी कळतात. मसुदा परत आला तर कारण वाचून दुरुस्ती करावी आणि पुन्हा सादर करावा. सहा महिने हात न लावलेला मसुदा वगळला जाऊ शकतो. प्रकाशनानंतर कोणी मजकूर बदलल्यास तो पुन्हा पुन्हा पूर्ववत करू नये. एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा अधिक वेळा तसे केल्यास खाते रोखले जाऊ शकते.

‘प्रकाशित करा’ हे बटण दाबताच मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए ४.० परवान्याखाली (श्रेय देऊन आणि त्याच परवान्याखाली कोणीही वापरावा, अशा अटीवर) कायमचा खुला होतो, आणि ही संमती मागे घेता येत नाही. पुस्तकातील परिच्छेद किंचित फिरवून घेणे हाही स्वामित्वहक्काचा भंगच आहे.

गुण मात्र लेख टिकला की नाही यावर ठरवू नयेत. विद्यार्थ्याने पानाच्या इतिहासातून आपल्या आवृत्तीचा स्थायी दुवा घेऊन, संदर्भांची यादी आणि चर्चा पानावरील आपल्या उत्तरांसह, मुदतीच्या आत शिक्षकाकडे द्यावा.