उतरणारा गुडघा, घाट उतरणारी गाडी

पांडवलेणी चढताना दम लागतो, पण गुडघे लटपटतात ते उतरताना. कारण उतरताना मांडीचे स्नायू आपल्याला पुढे ढकलत नसतात, आवरून धरत असतात. ते ब्रेक झालेले असतात आणि ब्रेकमधली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. अंगावरच्या उपकरणांना चालण्यातून वीज द्यायची, तर मला सगळ्यात शहाणपणाची जागा हीच वाटते.

मुंबईकडे जाताना इगतपुरी सुटली की कसारा घाटाचा १:३७ उतार लागतो. आताची विद्युत इंजिनं तिथे आपल्या मोटारींनाच जनित्र बनवतात. गाडी आवरली जाते आणि वीज वरच्या तारेत परत जाते.

कॅनडातले संशोधक मॅक्स डोनलन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हेच गुडघ्यावर करून दाखवलं. पुढे झेपावलेलं पाऊल टेकण्याच्या बेतात असतं, तेव्हा गुडघा त्याला आवरतो. त्यांचं जनित्र तेवढ्याच क्षणी जोडलं जायचं. स्नायूंचा थोडा भार यंत्रानं उचलल्यामुळे विजेसाठी वेगळे कष्ट फारसे पडत नव्हते. दोन्ही पायांची मिळून सुमारे ५ वॅट वीज मिळाली. एका चार्जिंगमध्ये दिवसभर चालणाऱ्या स्मार्टवॉचच्या बॅटरीत साधारण १ वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे घड्याळाला सरासरी ४०-५० मिलिवॅट लागतात. ५ वॅटवर अशी शंभर घड्याळं चालतील! अडचण वजनाची होती: प्रत्येक पायावर १.६ किलो.

बुटाचा मार्ग हलका आहे. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. गॅसच्या लायटरची ठिणगी त्यातलीच. पण १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात बनलेल्या अशा बुटांतून सरासरी १ ते २ मिलिवॅटच मिळाले.

तिसरी वाट आपल्या ओळखीची. नाशिकच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, ती घर्षणाची वीज. २०१२ मध्ये झोंग लिन वांग या शास्त्रज्ञांच्या गटानं त्यावर चालणारं पातळ, लवचिक जनित्र केलं. त्याला व्होल्टेज भरपूर, प्रवाह मात्र नखभर. शिवाय ओलाव्यात विद्युतभार टिकत नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्याच्या भिजलेल्या, घामेजल्या अंगावर अशा जनित्राचं उघडं कापड लगेच मंदावेल. म्हणून जनित्राचे घासणारे थर पाण्यापासून बंद करायचे आणि तरी कापड मऊ, घालण्याजोगं ठेवायचं, यावर संशोधक आता झटत आहेत.