रोस्टर, वैमानिकांचे

वैमानिकाची महिन्याभराची उड्डाणे, राखीव दिवस (स्टँडबाय), सिम्युलेटरवरचा सराव, परदेशातील मुक्काम (लेओव्हर) आणि सुट्या दाखवणारा तक्ता. शासकीय मराठीत ‘रोस्टर’ म्हटले की आरक्षणाची बिंदुनामावली डोळ्यांसमोर येते. वैमानिकांच्या तक्त्याला ‘कर्तव्यसूची’ म्हणता येईल, पण ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर किंवा नेरुळ-सीवूड्सला राहणाऱ्या वैमानिकाच्या घरी ‘रोस्टर आलं का?’ असेच विचारतात.

बहुतेक कोशकार हा इंग्रजी शब्द डच ‘रोस्तर’पासून आला असे मानतात. त्याचा मूळ अर्थ भाजण्याची लोखंडी जाळी. आडव्याउभ्या रेघांच्या कागदाला साम्यावरून तेच नाव पडले आणि लष्करातील पाळ्यांच्या यादीमार्फत ते इंग्रजीत साधारण अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आले असावे. कोंबड्याच्या इंग्रजी नावाशी त्याचा संबंध नाही. पहाटे उठवण्याचे काम दोघेही करतात, एवढेच.

उड्डाणाच्या तासांवर मर्यादा कशामुळे आली, याबद्दल दोन मते आहेत. एक मत सुरक्षेला श्रेय देते, दुसरे कामगारलढ्याला. अमेरिकेत १९३४ साली राष्ट्रीय श्रममंडळाच्या ८३ क्रमांकाच्या निर्णयाने महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली, आणि तो निर्णय वेतनाच्या तंट्यातून आला होता. झोपेचे शास्त्र त्यानंतर कित्येक दशकांनी वैमानिकांकडे वळले. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. नासाचा थकव्यावरील अभ्यास १९८० मध्ये सुरू झाला. दूर पल्ल्याच्या उड्डाणात ठरवून दिलेल्या ४० मिनिटांच्या विश्रांतीत वैमानिक सरासरी २६ मिनिटे झोपले आणि नंतर अधिक सावध राहिले, असे त्यातील एका प्रयोगात आढळले. याची उलट बाजू २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या अपघातात दिसली. त्यात १५८ जण मृत्युमुखी पडले. दुबईहून येणाऱ्या त्या विमानाचे कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपले होते, आणि जागे झाल्यावरच्या निद्राजडत्वाकडे चौकशी न्यायालयाने बोट दाखवले. पहाटे दोन ते सहा हा काळ शरीराच्या ओहोटीचा मानतात.

भारतात नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) वैमानिकांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांबद्दलच्या १९९२ च्या परिपत्रकाच्या जागी २००७ मध्ये नवे नियम आणले. पुढल्याच वर्षी ते स्थगित करून जुने परिपत्रक पुन्हा लागू केले. वैमानिक संघटनांचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल व नवे नियम दोन्ही २०११ मध्ये आले. वर्षाला १००० तास ही उड्डाणाची कमाल मर्यादा आहे. जानेवारी २०२४ च्या सुधारणेने साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली, ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली आणि रात्रीची अवतरणे सहावरून दोनवर आणली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ती लागू झाली. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाल्यावर रात्रीच्या काही तरतुदी त्या कंपनीपुरत्या तात्पुरत्या शिथिल केल्या गेल्या. दूर पल्ल्याच्या वैमानिकाला अवतरणांच्या संख्येचा फारसा प्रश्न येत नाही, कारण त्याच्या एका पाळीत बहुधा एकच अवतरण असते. त्याचा प्रश्न कालक्षेत्रांचा आणि बंकमधल्या (विमानातल्या झोपण्याच्या जागेतल्या) झोपेचा. तीन किंवा चार वैमानिक असले की ते आळीपाळीने झोपतात. पहिली पाळी मिळालेल्याला झोप लागेलच असे नाही. प्रवासी म्हणून बसून दुसऱ्या गावी जाणे (डेडहेड) हे उड्डाणात धरत नाहीत, कर्तव्यात धरतात.

ठाणे-नवी मुंबईपुरते पाहिले तर नियमांतील एक वाक्य सर्वांत महत्त्वाचे ठरते: विमानतळावर जाण्या-येण्याचा वेळ कर्तव्यातही नाही आणि विश्रांतीतही नाही. थकवा टाळण्यासाठी कंपनीने तो विचारात घ्यावा, इतकेच पुढे म्हटले आहे. युरोप-अमेरिकेकडची बरीचशी विमाने सहारहून (मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून) मध्यरात्र ते पहाटेच्या दरम्यान सुटतात. रिपोर्टिंग त्याआधी, पिकअपची गाडी त्याच्याही आधी. म्हणजे घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांचा ओघ वाढतो त्याच सुमारास वैमानिक घराबाहेर पडतो. नवी मुंबईकर ऐरोली पूल आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता धरतात किंवा वाशीची खाडी ओलांडतात. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीला उतरवतो, तिथून पुन्हा उत्तरेला यावे लागते. सहारसाठी त्याचा उपयोग बेताचाच.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून देशांतर्गत उड्डाणे सुरू झाली. उलवे, खारघर किंवा पनवेलला घर असले तरी दूर पल्ल्याच्या वैमानिकाच्या रोस्टरवर या घटनेचा लगेच परिणाम झाला नाही. त्याचा तळ (बेस) मुंबई असा लिहिलेला असतो, आणि गाडी सहारकडेच जाते.