पार्श्वभूमी: आर्सेनिक, शिसं आणि सिंक्रोट्रॉनची शिकवणी

पुरावस्तू तपासायला सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गोल फिरवून तीव्र प्रकाश आणि क्ष-किरण देणारं यंत्र) कसा वापरायचा, हे तरुण संशोधकांना शिकवणारी शिबिरं आणि कार्यशाळा आता जगभर भरतात. मुंबईच्या विद्यार्थ्यापुढची अडचण जरा वेगळी आहे. वस्तू काळा घोड्याच्या संग्रहालयात, यंत्र इंदूरला, आणि त्या यंत्राच्या कित्येक बीमलाइन (किरण प्रयोगापर्यंत नेणाऱ्या वाटा) ज्यांनी बांधल्या ते शास्त्रज्ञ तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात. या तिघांची गाठ घालून देणं हेच इथल्या प्रशिक्षणाचं निम्मं काम आहे.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. सिंक्रोट्रॉनचा हा प्रकाश १९४७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा डोळ्यांना दिसला. पुढची बरीच वर्षं कणभौतिकीवाल्यांना तो ऊर्जेची गळती वाटत होता. मुंबईत त्या काळात पुरातत्त्व आणि भौतिकी यांची गाठ पडली ती दुसऱ्या वाटेने. साठच्या दशकात कुलाब्याच्या टोकावरच्या संशोधन संस्थेत कार्बन-१४ वरून जुन्या वस्तूंचं वय काढणारी प्रयोगशाळा चालत होती, आणि हडप्पा संस्कृतीचा कालावधी समजला जात होता त्यापेक्षा आखूड असावा, हा युक्तिवाद तिथल्याच तारखांवर उभा राहिला. पुढे ती प्रयोगशाळा अहमदाबादला गेली. तुर्भ्याला १९५६ पासून अप्सरा आणि १९८५ पासून ध्रुव या अणुभट्ट्यांचे न्यूट्रॉन होते. भारताचा पहिला सिंक्रोट्रॉन, इंडस-१, इंदूरला १९९९ मध्ये सुरू झाला. त्याची ऊर्जा ४५० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. धातूच्या वस्तूंसाठी लागतात तसे जास्त ऊर्जेचे क्ष-किरण त्यातून मिळत नाहीत. ते २००५ नंतर, २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इंडस-२ मुळे मिळू लागले.

या विषयाला महाराष्ट्रात वजन का आहे, हे समजायला दायमाबादकडे जावं लागतं. १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी झाडाचं मूळ खणताना एका स्थानिक माणसाला चार भरीव ओतीव वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा, रेडा. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर, चारही वस्तूंचं मिळून वजन ६० किलोंच्या वर. शास्त्रशुद्ध उत्खननात त्या मिळालेल्या नाहीत, आणि सगळा वाद तिथूनच सुरू होतो. दायमाबादला उत्तर हडप्पाकालीन वस्तीचा थर आहे. काही नामवंत पुरातत्त्वज्ञांनी आजूबाजूचे पुरावे जोडून या वस्तू त्या थराच्या, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या ठरवल्या. पाठ्यपुस्तकांत तेच रुळलं.

विरोधी मत रसायनातून आलं. वस्तूंच्या धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आहे. ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत मुद्दाम आर्सेनिक मिसळल्याचं दिसत नाही. म्हणून वस्तू बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या असाव्यात. हे मांडणारा अभ्यासक कुलाब्याच्या त्याच कार्बन प्रयोगशाळेतून पुढे आलेला होता, म्हणजे मोजमापांवर विश्वास ठेवणारा माणूस. समोरच्यांचं उत्तर असं की, मोहेंजोदडो आणि हडप्पाच्या काही तांब्याच्या वस्तूंत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक मिळालेलं आहे, मग या आकड्याने सिद्ध काय होतं?

माझ्या मते दोन्ही बाजूंनी त्या आकड्यावर पेलवेल त्यापेक्षा जास्त ओझं टाकलं. आर्सेनिकयुक्त तांबं ओतलं की गोठताना आर्सेनिकने भरलेला उरलेला रस पृष्ठभागाकडे ढकलला जातो. वरचा थर एक सांगतो, गाभा दुसरं. त्यात जमिनीत शतकानुशतकं पडून राहिल्याने गंज चढतो आणि प्रमाणं आणखी हलतात. नमुना कुठून खरवडला, किती खोलवरून घेतला, याची नोंद नसेल तर दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांना फारसा अर्थ नाही.

संग्रहालयांत आता सर्रास दिसणारं हातातलं एक्सआरएफ यंत्र घेतलं तर आणखी एक पेच येतो. क्ष-किरण मारले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं, आणि त्यावरून हे यंत्र ते ओळखतं. (दायमाबादच्या जुन्या आकड्यावर हा आक्षेप नाही.) आर्सेनिकची मुख्य क्ष-किरण रेषा १०.५४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, तर शिशाची १०.५५ ला. त्या एकमेकींवर बसतात. धातूत शिसं भरपूर असेल तर थोडंसं आर्सेनिक त्याच्या आड लपतं, किंवा नसलेलं आर्सेनिक आहे असं वाटतं. सिंक्रोट्रॉनचं खरं मोल इथे कळतं. त्याच्या किरणांची ऊर्जा हवी तशी लावून घेता येते. आर्सेनिक उद्दीपित व्हायला ११.८७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, शिशाच्या त्या रेषेसाठी १३.०४. किरण १२.५ वर ठेवले की आर्सेनिक बोलतं आणि शिसं गप्प बसतं. विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी शिकवावं असं हे उदाहरण आहे. एवढं करूनही किरण तांब्यात मिलिमीटरचा अंशच शिरतात. भरीव हत्तीच्या पोटात काय आहे ते त्यांना दिसत नाही. त्यासाठी न्यूट्रॉन हवेत, आणि त्यांची सोय मुंबईतच आहे.

२००५ नंतर हा विषय झपाट्याने वाढला. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ग्रनोबलला कला आणि पुरातत्त्वातल्या सिंक्रोट्रॉन-वापरावर स्वतंत्र आंतरराष्ट्रीय परिषद सुरू झाली. तिथल्याच यंत्रावर अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांमधल्या चित्रांत सुकणारी तेलं सापडली. सातव्या शतकाच्या आसपासची ही चित्रं युरोपातल्या तैलरंगांहून कितीतरी जुनी. २०१६ मध्ये पॅरिसजवळच्या सिंक्रोट्रॉनवर बलुचिस्तानातल्या मेहरगढचा सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचा तांब्याचा ताईत तपासला गेला. तो आतपर्यंत गंजलेला होता. तरी अतिनील प्रकाशात त्याची मूळ घडण उमटली, आणि मेणाचा नमुना वितळवून केलेल्या ओतकामाचा तो सर्वांत जुना ज्ञात नमुना ठरला. तिथे क्ष-किरणांचं कामच पडलं नाही. मोठं यंत्र मिळालं की सगळ्यात जोरकस किरण मारायचे, ही नव्या मुलांची सवय मोडायला हा ताईत चांगला. २०१७ मध्ये जॉर्डनमध्ये सेसमी हा सिंक्रोट्रॉन सुरू झाला आणि पश्चिम आशियातल्या पुरातत्त्वाला घराजवळ यंत्र मिळालं.

आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी नेणं सरकारी परवानगीशिवाय शक्य नाही. त्यामुळे ग्रनोबलला बीमटाइम, म्हणजे किरण वापरायची ठरलेली वेळ, मिळाला तरी वस्तू मागेच राहते. इंदूरलाही संग्रहालयातली मूर्ती सहसा जात नाही. जातात ती खापरं, मण्यांचे तुकडे, गंजाचे कण. मुंबईचा विद्यार्थी डबीत नमुने घेऊन रात्रीच्या अवंतिका एक्स्प्रेसने निघतो. विद्यापीठांना अणुऊर्जा खात्याची यंत्रं खुली व्हावीत म्हणून १९९० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या संयुक्त केंद्राची एक शाखा इंदूरला आणि एक मुंबईला आहे. प्रस्ताव कसा लिहायचा हे बहुतेकांना अशाच ठिकाणी कळतं.

शिकवणीत अजूनही कच्चा राहतो तो किरणांनी होणाऱ्या नुकसानीचा भाग. वस्तू न फोडता तपासली म्हणजे तिला काही झालं नाही, असं सरसकट धरलं जातं. प्रशियन निळा रंग तीव्र किरणांखाली फिका पडतो. हाडातला प्राचीन डीएनए मोठ्या मात्रेने तुटतो. खापर किरणांखाली धरलं की त्याच भागाचं औष्णिक दीप्तीने वय काढणं धोक्यात येतं, कारण ती पद्धत खापराने साठवलेली किरणोत्साराची मात्राच मोजते. म्हणून कोणती तपासणी आधी आणि कोणती नंतर, हे बीमटाइम मागण्यापूर्वीच ठरवावं लागतं. भौतिकी शिकलेल्याला हे ठाऊक नसतं, आणि पुरातत्त्व शिकलेला विचारायला बिचकतो. दोघांना एका बाकावर बसवणारे अभ्यासक्रम थोडे आहेत, आणि जे आहेत त्यांत यंत्राच्या व्याख्यानांना झुकतं माप मिळतं.

इंडस-२ वर पुरावस्तूंसाठी राखीव बीमलाइन नाही. खापरांचा प्रस्ताव बॅटऱ्या, उत्प्रेरक आणि प्रथिनांच्या प्रस्तावांबरोबर रांगेत उभा राहतो, आणि निवड समितीपुढे त्याला आधी हे सांगावं लागतं की हा प्रश्न साध्या एक्सआरएफने का सुटत नाही.